जिल्ह्याचाही सातबारा वाचा

२०२१ च्या जूनअखेरीस तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले, तर बाकावरच्या मंडळींच्या तोंडी एकच वाक्य होतं : आता आपली महापालिका मुंबईपेक्षा मोठी! आकडा खरा होता. पुण्याची हद्द ५१६ चौरस किलोमीटरच्या घरात गेली होती आणि मुंबई महापालिकेची ४४० च्या आसपास आहे. राज्यात पहिला नंबर. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आकडा थोडा उतरला, कौतुक काही उतरलं नाही.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. क्षेत्रफळाचा आनंद मला कळतो. पण हद्दीची रेघ पुढे सरकली म्हणून त्या रात्री जलवाहिनी पुढे सरकत नाही, सांडपाण्याची वाहिनी सरकत नाही, अग्निशमन केंद्र सरकत नाही. वाढतं ते काम. ५१६ चौरस किलोमीटर म्हणजे तेवढ्या जमिनीवर पोचण्याची जबाबदारी, आणि ती अंगावर घेतल्यानंतर पहिला प्रश्न पडायला हवा तो ‘पोचणार कसे?’ हा. तो कोणी विचारला नाही, म्हणून हा लेख.

सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची हजारो मुलं बसलेली असतात. त्यांच्या वह्यांत ही उतरंड पाठ करून ठेवलेली असते. राजस्थान ३,४२,२३९ चौरस किलोमीटर, मध्य प्रदेश ३ लाख ८ हजारांच्या किंचित वर, महाराष्ट्र ३,०७,७१३. आपला क्रमांक तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकातला फरक साडेपाचशे चौरस किलोमीटरांच्याही आतला, म्हणजे साधारण एका पुणे महापालिकेएवढा. तीन लाखांत पाचशे! पण वहीत तो ‘दुसरा’ आणि ‘तिसरा’ असा ठळक उभा राहतो, आणि मुलं त्यावर गुण मिळवतात किंवा घालवतात. त्याच वहीत पुढच्या पानावर असतं की २००० सालापर्यंत मध्य प्रदेश देशात पहिला होता आणि १ नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळं झाल्यावर तो मान राजस्थानला गेला. त्या दिवशी राजस्थानची जमीन एका गुंठ्यानेही वाढली नव्हती.

तुलना करताना डोळाही फसतो. फोनवर आपण जे नकाशे बघतो ते बहुतेक मर्केटर पद्धतीने सपाट केलेले असतात. त्या पद्धतीत विषुववृत्तापासून जितकं उत्तरेला जावं तितका भूभाग फुगत जातो. राजस्थान प्रत्यक्षात महाराष्ट्रापेक्षा अकरा टक्क्यांनी मोठं आहे. फोनवर ते वीस-पंचवीस टक्क्यांनी मोठं दिसतं. केरळच्या तुलनेत लडाख तर खऱ्यापेक्षा चाळीसेक टक्के जास्त पसरलेलं दिसतं. वर्गात मी शाळेच्या ॲटलासमधला नकाशा आणि फोन शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. मुलं गप्प व्हायची, मग एखादी विचारायची, ‘मॅडम, मग खरं कुठलं धरायचं?’ खरा चौरस किलोमीटरांचा आकडाच धरायचा, हे सोपं उत्तर. पण खऱ्या आकड्यानेही खरी गोष्ट कळते का?

कच्छ जिल्हा ४५,६७४ चौरस किलोमीटर आहे आणि अख्खं केरळ ३८,८६३. एक जिल्हा एका राज्याहून मोठा. पण कच्छच्या आकड्यात रण आलं. २०११ च्या जनगणनेत कच्छची लोकसंख्या २१ लाखांच्या आत होती आणि केरळची ३ कोटी ३४ लाख, म्हणजे सोळापट. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यात चार गोवे मावतात, असं आपण हौसेने सांगतो. १५,६४३ भागिले ३,७०२, हिशोब बरोबर आहे. पण त्या चारातला एक गोवा सह्याद्रीच्या कड्यावर आहे, जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आणि एक इंदापूरकडे, जिथे वर्षाकाठी पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. एका आकड्यात या दोघांना कोंबलं की दोघांचंही काहीच सांगितलं जात नाही.

आमचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या काठाला. दोन वर्षांपूर्वी काकांच्या जमिनीची मोजणी होती म्हणून मी गेले होते. मोजणीदार तरुण होता. हातात रोव्हर, उपग्रहावरून बिंदू घेणारा. पूर्वी साखळी ओढत, खुणांचे दगड शोधत दिवस जायचा, त्याने दुपारपर्यंत काम उरकलं. त्याने सांगितलेलं क्षेत्र ऐकून माझा मुंबईत वाढलेला भाचा म्हणाला, ‘बापरे, एवढी जमीन आपली!’ काकांनी सातबारा त्याच्यापुढे धरला आणि बोट ठेवलं ते पोटखराबाच्या, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीच्या, ओळीवर. ‘हे ओढ्यात, हे खडकात. हे वरचं वरकस, नाचणी आली तर आली. भात पिकतं ते एवढ्या दोन खाचरांत.’ बोट फिरत फिरत जिथे थांबलं ते क्षेत्र एकूण आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नव्हतं.

शेतकऱ्याला जमीन सांगताना कोणी नुसतं ‘किती एकर’ विचारत नाही. पुढचा प्रश्न येतोच : जिरायत की बागायत? पाणी कुठून? रस्त्याला लागून आहे का? सोयरीक जुळवताना सुद्धा हे विचारलं जातं. आणि हे शहाणपण सरकारलाही जुनं आहे. आपल्या मुंबई इलाख्यात जमीनमोजणी आणि शेतसारा ठरवण्याची जी पद्धत पुढे शतकभर चालली, तिची सुरुवात झाली ती पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातच. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जड झाला की शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतलं. त्यांनी क्षेत्र मोजलंच, पण सोबत प्रतबंदी केली. मातीचा रंग कोणता, थर किती खोल, खडे किती, उतार किती, हे पाहून प्रत्येक शेताचे आणे, म्हणजे त्याची प्रत, ठरले. एकाच मापाच्या दोन शेतांचा सारा वेगळा निघाला, आणि तो वेगळा निघणं हाच न्याय होता.

स्वतंत्र महाराष्ट्रानेही तेच मान्य केलं. कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही बागायतीला अठरा एकरांची मर्यादा आहे आणि कोरडवाहूला चौपन्न एकरांची. म्हणजे कायद्याच्या नजरेत बागायतीचा एक एकर कोरडवाहूच्या तीन एकरांबरोबर. शेताच्या पातळीवर आपण इतकं बारीक पाहतो. जिल्हा, विभाग, राज्य यांची तुलना करायची वेळ आली की ही सगळी अक्कल बाजूला ठेवतो आणि नुसता आकडा घेऊन भांडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जिल्ह्याचाही सातबारा वाचायला शिका. त्यात पोटखराबा किती, पाणी कुठलं, आणि मुख्य म्हणजे, कचेरी किती लांब.

पाण्याची गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी, कारण ती माझ्या गावाची आहे. भाटघरच्या पाण्याखाली भोर तालुक्यातली खोऱ्यातली चांगली जमीन गेली. ते पाणी नीरेत उतरतं, आणि नीरेच्या डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातं. विंगेटने जो इंदापूर कोरडा म्हणून मोजला, त्याच तालुक्यात आज कालव्याखाली ऊस उभा आहे. भोरचं क्षेत्रफळ कागदावर कमी झालेलं नाही. धरणाचं पाणी तालुक्याच्या आकड्यातच धरलेलं असतं. इंदापूरचंही वाढलेलं नाही. पण एका तालुक्याची जमीन गेली आणि दुसऱ्याच्या जमिनीला किंमत आली. मला इंदापूरच्या शेतकऱ्याचा हेवा वाटत नाही; त्याने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलाय. पण तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘कोणाला किती द्यायचं’ हे ठरवताना हा व्यवहार कुठेतरी लिहिलेला असायला हवा.

आता उलटी चूक. क्षेत्रफळ फसवं म्हणून सगळं लोकसंख्येवर वाटा, असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. पुण्यात तर जास्तच, कारण लोकसंख्येच्या हिशोबात आपलं भलं होतं. गडचिरोलीचं क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळपास. २०११ ची लोकसंख्या पुण्याची ९४ लाख, गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत. डोक्यांवर पैसे वाटले तर गडचिरोलीला पुण्याच्या नवव्या हिश्शाएवढे मिळतील. पण गडचिरोलीहून सिरोंच्याला जायला दोनशे किलोमीटरच्या घरात अंतर कापावं लागतं. वाटेत जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तिथल्या शिक्षकाला, परिचारिकेला, विजेच्या तारेला ते अंतर ओलांडावंच लागतं, पलीकडे माणसं हजार असोत की लाख. रस्ता लोकसंख्येच्या प्रमाणात आखूड होत नाही.

वित्त आयोगांना हे कळलेलं आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांमध्ये केंद्रीय करांचा वाटा ठरवताना क्षेत्रफळाला १५ टक्के वजन दिलं आणि लोकसंख्येलाही १५ टक्केच. वन आणि पर्यावरणाला वेगळे १० टक्के दिले. अगदी लहान राज्यांचं क्षेत्र नगण्य ठरू नये म्हणून क्षेत्रफळाच्या निकषात किमान दोन टक्क्यांचा आधारही ठेवला. मोठ्या भूभागावर सेवा पोचवायला जास्त खर्च येतो, हे त्यामागचं साधं कारण. लोकसभेच्या जागा मात्र लोकसंख्येवरच ठरतात आणि त्या तशाच ठरल्या पाहिजेत, कारण मत माणूस देतो, डोंगर देत नाही. उत्तर प्रदेशला ८० खासदार आणि त्याहून लाखभर चौरस किलोमीटर मोठ्या राजस्थानला २५, यात अन्याय नाही. पण लडाखचा खासदार एकटा आहे आणि त्याचा मतदारसंघ केरळहून मोठा आहे, तेव्हा त्याच्या प्रवासाची, कार्यालयांची सोय दिल्लीच्या चांदनी चौकातल्या खासदाराच्या मापाने करून चालणार नाही. प्रतिनिधित्व माणसावर मोजायचं, सेवा अंतरावर मोजायची. हे दोन हिशोब आपण सतत एकमेकांत मिसळतो आणि मग वाद संपत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रादेशिक वादाचंही मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. विदर्भ राज्याच्या क्षेत्राचा जवळजवळ एक तृतीयांश आणि लोकसंख्येचा साधारण एक पंचमांश. नागपूरचा माणूस पहिला आकडा सांगतो, पुण्याचा दुसरा, आणि दोघांनाही समोरचा लबाडी करतोय असं वाटतं. १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने, जिचे अध्यक्ष आपल्या पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते, या भांडणाला वेगळी वाट दिली. त्यांनी रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्राचा अनुशेष जिल्हावार वेगळा मोजला आणि राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा निघाला. त्या आकड्यापेक्षा मला ती पद्धत मोलाची वाटते : सिंचनाला एक माप, शाळेला दुसरं. मात्र जिल्हा हे एकक धरल्यामुळे एक गोष्ट त्यातून निसटली. पुण्यासारख्या जिल्ह्याची सरासरी चांगलीच येते आणि त्या सरासरीखाली वेल्हे, भोर, आंबेगावचा पश्चिम भाग झाकला जातो. पुणे जिल्हा श्रीमंत आहे, हे वाक्य मी आहुपे गावात उभं राहून म्हणू शकणार नाही.

आहुपे हे आंबेगाव तालुक्यातलं, अगदी कड्यावरचं गाव. खाली कोकण दिसतं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नीरा नरसिंगपूर, जिथे नीरा भीमेला मिळते. दोन्ही पुणे जिल्ह्यातच, आणि त्यांच्यात सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. नरसिंगपूरच्या माणसाला सोलापूर जवळ पडतं, पण त्याचं जिल्ह्याचं ठिकाण पुणे. जिल्हाधिकाऱ्यांसमोर अपील असेल, जातपडताळणीचं काम असेल, औंधच्या जिल्हा रुग्णालयात कोणाला न्यायचं असेल, तर पहाटेची एसटी धरायची. शिवनेरी जिल्हा करा, बारामती जिल्हा करा, या मागण्या अधूनमधून उठतात. पुण्यात त्यांच्याकडे राजकारण म्हणूनच बघितलं जातं. राजकारण त्यात असेलही. पण दुसरी राज्यं बघा. तेलंगणाने १,१२,०७७ चौरस किलोमीटरमध्ये ३३ जिल्हे केले, म्हणजे सरासरी ३,४०० चौरस किलोमीटरचा एक. तमिळनाडूचे ३८, सरासरी साधारण तेवढीच. आपले ३६ जिल्हे सरासरी साडेआठ हजारांचे आणि पुणे त्या सरासरीच्याही जवळजवळ दुप्पट. आपल्यापेक्षा फक्त अहिल्यानगर मोठा, त्याच्या विभाजनाची मागणीही किती वर्षांची आहे.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या माणसाची जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतची वाट कमी झाली. नवा जिल्हा म्हणजे नुसती पाटी नाही. म्हणूनच मी जुन्नर, आंबेगाव, खेड यांचा वेगळा जिल्हा व्हावा या मताची आहे, आणि पुण्यात राहून हे मत बाळगते. पुणे जिल्हा लहान झाला तर आपला पहिला-दुसरा नंबर जाईल. जाऊ दे.

यावर मला लोक सांगतात की आता सगळं ऑनलाइन आहे, सातबारा मोबाइलवर मिळतो, जिल्हा लांब असला म्हणून काय बिघडलं? सातबारा मिळतो हे खरं, आणि ती फार मोठी सोय झाली. पण काकांच्या मोजणीला माणूसच यावा लागला. शेजारच्या हद्दीचा वाद झाला तेव्हा सुनावणीला काकांनाच जावं लागलं. एका कचेरीत तीन वेळा तारीख पडली आणि तिन्ही वेळा साहेब बाहेरगावी होते. शहरातल्या माणसाचा अशाने एक तास जातो, त्यांचा दर वेळी अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी गेली. बाळंतपण, साप चावणं, वणवा हे तर मोबाइलवर येऊच शकत नाही. खर्चाचा आक्षेप जास्त खरा आहे. नवा जिल्हा म्हणजे इमारती, पदं, गाड्या. पण तो खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच की तो सरकारच्या हिशोबात दिसत नाही, कारण तो एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात लोक भरतात.

माप बदलता येतं, याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, हे ठरवलं. तालुक्याचं क्षेत्र किती, यावर हा नियम अडत नाही. लहान मूल किती चालू शकतं, यावरून तो ठरला. आरोग्य केंद्रांच्या निकषात हे अर्धंच आलं आहे. सपाटीवर तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक. डोंगराची दखल घेतली खरी, पण लोकसंख्येच्याच भाषेत. वीस हजार माणसं तीस वाड्यांवर विखुरलेली असली तर? कचेऱ्या, रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं, पोलीस ठाणी यांच्यासाठीही शाळेसारखं माप का नको? शेवटच्या वाडीतून एसटीने किंवा पायी किती वेळ लागतो, तो तासांत लिहा. जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत क्षेत्रफळ आणि लोकसंख्या यांच्या शेजारी हा तिसरा रकाना छापा. आपल्या जमिनीच्या सगळ्या नोंदींचं मुख्य कार्यालय, जमाबंदी आयुक्तालय, पुण्यातच आहे. रोव्हर घेऊन इंच इंच मोजणारी माणसं आपल्याकडे आहेत. हा रकाना भरायला तंत्रज्ञान कमी पडतंय असं नाही.

मोजणी संपल्यावर त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाण्याकाठी बसलो होतो. समोरच्या काठावर माझ्या आत्याचं गाव. तिच्या घरावरचा पिवळा दिवा लागलेला इथून दिसतो. होडी असली तर वीस मिनिटं, रस्त्याने धरणाला वळसा घालून सव्वा तास, आणि शेवटची एसटी साडेपाचला गेलेली. मोजणीदार मुलगा रोव्हर पिशवीत भरत होता. भाच्याने त्याला विचारलं, ‘दादा, हे पाणी धरून आपला तालुका किती मोठा?’ त्याने आकडा सांगितला. काका काही बोलले नाहीत, पलीकडच्या दिव्याकडे बघत राहिले. आत्याला आदल्या रात्रीपासून ताप होता आणि सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंत तिच्याकडे जायला आमच्याकडे काही साधन नव्हतं.